न छापलेली विज्ञानकथा

२००४च्या दिवाळी अंकातून मी एक विज्ञानकथा काढली. अंक आमच्या चंद्रपूरच्या दैनिकाचा, निवड माझ्याकडे. पाने कमी पडतात, असे संपादकांना सांगितले. ते खोटे होते. खरे कारण आजवर कोणालाही सांगितलेले नाही. घरात आम्ही तिघे. हे माहीत असलेला मी एकटा.

कथा सुनंदाची. ती कुरखेड्याला रक्त तपासण्याचे काम करायची. यंत्रे आणि माणसाचे शरीर एकमेकांत मिसळणाऱ्या अशा कथांना सायबरपंक, बायोपंक म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा एवढेच कळले — असे मी मराठीत वाचले नव्हते.

कथेत पुढच्या काळातले चंद्रपूर होते. प्रत्येक फाटकावर रक्त वाचणारे यंत्र. सिकलसेलच्या रुग्णाला फाटक उघडत नाही. वाहकालाही नाही — ज्याला स्वतःला त्रास नसतो, पण दोष रक्तात असतो, आणि दोन वाहकांच्या मुलाला आजार होऊ शकतो. एक वाहक तरुण घुग्घुसच्या चोरबाजारातून निरोगी रक्ताची चिप घेतो, दंडात बसवतो आणि मुलगी पाहायला जातो. फाटक उघडते. लग्न होते. तिच्या दंडातली चिपही नकलीच, हे त्याला ठाऊक नसते. शेवटी त्यांच्या बाळासमोर फाटक उघडत नाही.

मी ती दोनदा वाचली. मग का काढली?

त्याआधी दोन वर्षे गडचिरोलीत सिकलसेल तपासणीचे शिबिर होते. मी बातमीला गेलो होतो. लोक हात पुढे करेनात, फोटो मिळेना — म्हणून मीच बाही वर केली. फोटो छापून आला. काही दिवसांनी माझा अहवाल आला. वाहक. ते छापले नाही.

तेव्हा मीनाशी लग्न ठरत होते. तिने फोटो पाहिला होता.

"का निघालं जी?"

"काई नाई."

"मंग मी बी तपासून घेऊ का?"

"सुईचा लय शौक हाय का तुले?"

ती हसली. विषय संपला.

कथा आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. दिवाळी अंक ती जाहिरातींसकट वाचायची. ही कथा वाचून तिने रक्त तपासून घेतले असते, माझेही पुन्हा तपासायला लावले असते. बाळाकडे जन्मापासून लक्ष ठेवता आले असते. हे मला तेव्हा कळत नव्हते का? — कळत होते.

सुनंदाचा फोन आला.

"सर, गोष्ट काऊन नाई घेतली?"

"मशीनबिशीन आपल्या वाचकाले पचत नाई."

"मंग वाघ टाकू का त्यात? वाघ असला का तुमी छापताच." मग म्हणाली, "नाई तं कागद तरी वापस पाठवा सर. दुसरी कॉपी नाई माह्यापाशी."

पाठवतो म्हणालो. कागद मी आधीच फाडले होते. तिने पुन्हा कथा पाठवली नाही.

मुलगी दीड वर्षाची असताना तिच्या हातापायांची बोटे सुजली. नागपूरला नेले. तिघांचे रक्त तपासले. तिला सिकलसेल, आम्ही दोघे वाहक. लग्नाआधी तपासणी केली नव्हती का, डॉक्टरांनी विचारले.

"माही नाई केली," मीना म्हणाली. "ह्यांची झाली होती शिबिरात, काई नाई निघालं. थ्या मशीननंच चुकवलं असन."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "हो."