मांडीभर पाण्याची परीक्षा

छप्पन्नाव्या वर्षी माणसाने नव्या वेडाच्या वाटेला जाऊ नये म्हणतात. मी गेलो आणि धावतच गेलो. भाच्याने परदेशातून येताना माझ्यासाठी मासेमारीचा एक रॉड आणला होता. त्याच्या गळाला गांडूळ लावत नाहीत, पिठाची गोळीही नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते. ती लांब दोरीवर हवेत झुलवत झुलवत पाण्यावर अलगद टेकवायची आणि माशाला फसवायचं. फसलेला मासा मग सोडून द्यायचा. हा शेवटचा नियम ऐकून माझी बायको इतकी हसली की तिला खुर्ची शोधावी लागली. ती कळव्याच्या कोळ्यांची. हाताशी आलेला मासा परत पाण्यात सोडणाऱ्या माणसाला तिच्या माहेरी डॉक्टरकडे नेतील.

मी हसण्याला भीक घालणारा नाही. कोपरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर रोज सकाळी सराव सुरू केला. पहिल्या आठवड्यात दोन गाऊन, उशीचा एक अभ्रा आणि तळमजल्यावरच्या काकांची टोपी एवढी शिकार झाली. काका रागावले, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच बघायला वर आले. माझा उत्साह असा होता की दात घासतानाही मनगट मागेपुढे चालायचं आणि आरशावर फेस उडायचा.

दिवाळी उलटली, काळू नदीचं पाणी उतरून नितळ झालं आणि एका सकाळी मी एकटाच टिटवाळ्याला गेलो. स्टेशनवरून रिक्षाने नदीपर्यंत. ऊन कोवळं होतं, पलीकडे दोन म्हशी बसल्या होत्या, आणि मला वाटलं की आपण जन्मभर ऑफिसात उगाच बसलो. मग मी जे केलं ते आपल्याकडचा माणूसच करील. नदी म्हणजे आई, तिच्यात बूट घालून कसं जायचं? मी बूट काढले, मोजे काढले, काठावर नीट जोडीने ठेवले. वाकून पाणी डोळ्यांना लावलं आणि अनवाणी उतरलो. चौथ्या पावलाला शेवाळावरून पाय सटकला. मी पालथा पडलो, चष्मा गेला, नाकातोंडात पाणी गेलं आणि प्रवाहाने मला पंधरा-वीस हात घरंगळत नेऊन उथळ वाळूवर सोडलं. रॉड हातातच होता. त्याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

घरी येऊन हे सगळं मी रंगवून सांगितलं. बायको हसली नाही. तिने रॉड घेतला, माळ्यावर टाकला आणि शिडी गॅलरीत नेऊन ठेवली. मी चिडलो, आवाज चढवला. आणि मग मध्येच माझी जीभ थांबली, कारण मला आठवायला हवं होतं ते तेव्हा आठवलं. ती सातवीत असताना तिचे वडील खाडीत अडकलेलं जाळं सोडवायला उतरले होते आणि घरी आले नव्हते. पोहण्यात त्यांच्या तोडीचा माणूस गावात नव्हता, असं अजून सगळे सांगतात. त्यानंतर सासूबाईंनी पोरींना पाण्याकडे फिरकू दिलं नाही, शिकवलं आणि नोकरीला लावलं. तीस वर्षांच्या संसारात बायको माझ्याबरोबर एकदाही समुद्रावर आली नव्हती.

"आई म्हणेल तेव्हाच तू पाण्यात उतरायचं," ती म्हणाली. "ती नाही म्हणाली तर हा विषय बंद."

म्हणजे माझं सगळं सुख आता सासूबाईंच्या हातात होतं. सासूबाईंचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. उभा जन्म त्यांनी कळव्याच्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात, गुडघाभर चिखलात निवट्या मासे हाताने पकडण्यात घालवला. मी जाऊन त्यांच्यापुढे बसलो आणि पडण्याची हकीकत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त बुटांबद्दल पुन्हा विचारलं. खरंच काढले? खरंच, मी म्हणालो.

"पाया पराचं तं काठावर परा, जावय. मंग बूट घाला. पाय फुटलेला मानूस देवालाबी नको."

शिकवणी त्यांच्या घराच्या ओसरीवर सुरू झाली, कोरड्या फरशीवर. पाण्यात पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. पुढचा पाय जागेवर रुतल्याची खात्री झाल्याशिवाय मागच्यावरचा विश्वास सोडायचा नाही. प्रवाहाला छाती दाखवायची नाही, पाठही नाही. अंग आडवं धरून चालायचं, म्हणजे पाण्याला ढकलायला कमी जागा. हातात बांबू, तो पाणी येतं त्या बाजूला टेकलेला. दोन पाय आणि एक काठी, यातलं एका वेळी एकच हलणार. वाहत्या पाण्याकडे टक लावायची नाही, गरगरतं. पडलोच तर हातातलं सगळं सोडायचं, उताणं व्हायचं, पाय पुढे करायचे आणि उथळ येईपर्यंत उभं राहायची घाई करायची नाही. सगळं म्हणजे रॉडसुद्धा का, असं मी विचारलं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. शेवटचा नियम त्यांनी तीनदा म्हणवून घेतला: पाणी मांडीच्या वर चढलं किंवा काठीला तळ लागला नाही, की मागे.

मी इतकं मनावर घेतलं की दोन आठवडे भाजी आणायलाही तसाच आडवा सरकत जायचो. भाजीवालीने गुडघ्यावरचं तेल सुचवलं. तळमजल्यावरचे काका एकदा हात धरून जिना चढवायला आले. मी कुणाला काही सांगितलं नाही. आतून नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

परीक्षेला आम्ही तिघं रविवारी टिटवाळ्याला गेलो. रिक्षावाल्याने बांबूसकट आम्हाला कसं कोंबलं ते त्यालाच ठाऊक. चहाच्या टपरीवरून एक प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, ती काठावर मांडली आणि सासूबाई तिच्यावर न्यायाधीशासारख्या बसल्या. मध्यभागी एक काळा दगड पाण्याबाहेर आला होता. त्याला हात लावून यायचं असं ठरलं. रॉड बायकोच्या हातात. ती थोडी लांब, नदीकडे पाठ करून उभी राहिली. मी हाक मारली तरी वळली नाही, म्हशी बघतेय म्हणाली.

कॅनव्हासचे जुने बूट घालून मी उतरलो. काठी, पाय, पाय. पाणी गार होतं आणि पोटऱ्यांना ढुशा देत होतं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसत सुटलो. पाय रुततायत! नदी ढकलतेय आणि मी ढकलला जात नाही! गुडघा बुडाला, पुढे सरकलो. पॅन्ट मांडीपर्यंत भिजली. दगड आता चार हातांवर होता, त्याच्या आडोशाला एक चिलापी मासळी उसळी मारून गेली, आणि मी मनातल्या मनात रॉड बायकोच्या हातातून कधीच काढून घेतला होता.

बांबू पुढे टेकवला तर तो टेकलाच नाही. मुठीपर्यंत आत गेला. जरा डावीकडे टेकवून बघितला, तिथेही तेच. उजवीकडे तर पायाखालचे गोटे हलके हलके निघून चालले होते. दगड मात्र तिथेच, चार हातांवर. एक लांब पाऊल टाकलं असतं तर पोचलोही असतो. माझं डोकं सणकलं. दोन आठवडे खेकड्यासारखं चालून शेवटी चार हातांवर नापास? आणि मग मी घाबरलो. चक्क घाबरलो. मला पोहता येत नाही आणि माझी बायको तिथे पाठ करून उभी आहे, एवढंच डोक्यात राहिलं.

मी परत निघालो. येताना वाट दुप्पट झाली. काठी, पाय, पाय. काठावर चढलो तेव्हा रागाने डोळ्यांत पाणी आलं होतं. मी सासूबाईंना आधीच सांगून टाकलं की दगडाला हात लागला नाही, मान्य आहे, पण खड्डा होता, पुढच्या रविवारी दुसऱ्या जागेवरून बघू, एवढी सवलत द्या.

"पास," त्या म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा करतायत. दगड राहिला ना, मी म्हणालो.

"दगर शिवाला कोनीबी जातो," सासूबाई नदीकडे बघत म्हणाल्या. "मागं फिराचा शिकवाला मना येकदा जमला नव्हता."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. सासऱ्यांबद्दल त्या माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलत होत्या. मी बांबू त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवला.

मग बायको वळली. तिने मला डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं, पॅन्ट कुठवर ओली आहे तेही बघितलं, आणि माझ्या हातात रॉड दिला.

"परत जा," ती म्हणाली. "या वेळी मी बघते."