पत्र्याखालचं कुडाचं छत

कौलं उतरवून सिमेंटचे पत्रे टाकायचा हट्ट माझाच. वानरं दर सालाला कौलं फोडायची, आणि टोकावड्याकडे ज्याच्या घरात नोकरी, त्याच्या घरावर पत्रे आले होते. मग आम्हीच का मागे राहायचं?

भारनियमनाची ती वर्षं. लेक पहिल्या बाळंतपणाला आली, ऐन मे महिन्यात बाळ झालं आणि माझी हौस अंगाशी आली. दुपारी लाइट जायची, पंखा बंद, वर पत्रा नुसता भाजायचा. बाळ घामोळ्यांनी लाल होऊन किंचाळायचं. शहापूरहून विहीणबाई आल्या, पदराने वारा घेत म्हणाल्या, "आठ दिवस बघते. नाय सुधारलं तर दोघांना घेऊन जाते."

सव्वा महिना व्हायच्या आत लेक माहेरातून न्यायची? मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मनात म्हटलं, बघतेच कशा नेता ते.

पत्र्यांवर भाताचा पेंढा पसरला. दोन दिवस घर खरंच निवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही घरामागच्या शेतात राब भाजायला घेतला, म्हणजे भाताचं रोप जिथे पेरायचं तिथे पाला नि शेण पसरून पेटवलं. दरसालचं काम, वर पेंढा आहे हे डोक्यात आलंच नाही. वारा उठला, ठिणगी उडाली, पेंढा भडकला, पत्रे फटाफट तडकले. मी बाळाला छातीशी धरून अंगणात उभी, आणि स्वतःलाच शिव्या घालत होते.

आग विझवून नवरा म्हणाला, "झाली हौस? आता धाड पोरीला."

"नाय धाडायची!"

तडकलेले पत्रे बदलले. जुना कूड, म्हणजे शेणामातीने लिंपलेली काठ्यांची भिंत, पाडला तेव्हाची कारवी, त्याच त्या काठ्या, गोठ्यामागे सरपणाला रचून ठेवली होती. ती काढली. आढ्याखाली बांबू आडवे बांधले, त्यांवर कारवी विणली.

"पत्र्याच्या घरात कुडाचं छत? लोक हसतील गो."

"हसू दे. लोकांच्या नातवाला नाय आल्या घामोळ्या."

नवरा माती-शेणाच्या पाट्या वर देऊ लागला. गरम हवा जायला पत्रा नि छताच्या मध्ये दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवली. हात सोलवटले, मान अवघडली, पण आठव्या दिवसाच्या आत सारवून झालं.

विहीणबाई भर दुपारी जीप घेऊनच आल्या. पाणी प्यायल्या, बाळाची पाठ उघडून बघितली, जरा टेकते म्हणून त्याच्या शेजारी लवंडल्या, आणि चक्क घोरायला लागल्या! जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मी बाहेर जाऊन त्याच्यावर डोळे वटारले.

चहाच्या वेळेला त्या उठल्या, इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "पंखा कुठं लावलाय?"

"लाइट सकाळपासनं नाय, विहीणबाई."

त्यांनी वर छताकडे बघितलं. मग चहा घेतला, बाळाच्या गालाला हात लावला आणि जीपमध्ये एकट्याच जाऊन बसल्या.

मी आत आले, बाळाजवळ बसले आणि पोटभर रडले.