दंडावरचा वण

नातीच्या बाळाला लस टोचताना स्पिरिटचा वास आला आणि धाम नदीकाठचं आमचं गाव आठवलं. देवी टोचणाऱ्याच्या पेटीलाही हाच वास होता. त्याने माझा दंड टोचला. पण देवी कोपेल या भीतीने आईने घरी येताच ओल्या पदराने तो खसखसून पुसला. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. "बाई, मले एकदा देवी आल्या, आता रोग्याजवळ बसली तरी येत नाई. पण माहं तोंड पाह्य! पोरीले डाग पडायचाच असन, तं दंडावर पडू दे." माझा हात धरून आईनेच मला परत टोचणाऱ्याकडे नेलं. आठवड्याने दंडावर टपोरा फोड आला, तेव्हा काकू हसल्या, "लस लागली!" आज माझ्या चेहऱ्यावर सुरकुत्यांशिवाय एकही खूण नाही.