देवरावजींना पाजलेलं साखरपाणी

यवतमाळहून घाटंजीकडे निघालेली आमची एसटी अर्ध्या वाटेत पंक्चर झाली. दीड तास आम्ही दोघी कापसाच्या शेताकडे बघत रस्त्याकडेला उभ्या होतो. माझ्याबरोबर होती रूथ, अमेरिकेच्या दक्षिण भागातली काळी नर्स. तिकडे आपल्या वस्तीतल्या चर्चच्या स्वयंपाकघरात ती लोकांना जेवण बदलायला शिकवते. खारवलेलं मांस, तळण आणि गोड सरबतं कमी. पालेभाज्या, चवळी, भेंडी, रताळी जास्त. "यात नवं काही नाही, आमच्या आज्या हेच खायच्या," असं ती म्हणे. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात बौद्ध बायकांचा गट असंच काम करतो, ते तिला पाहायचं होतं. मी नाशिकची, तिची दुभाषी.

पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. गटाच्या विमलबाई फाट्यावरच उभ्या होत्या. घरी जवारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि बरबटीची (चवळीची) उसळ तयार होती. बरबटी पाहून रूथ हरखली. त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हीच शिजते.

ओसरीवर विमलबाईंचे यजमान देवरावजी बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले शिपाई, मधुमेहाचे जुने रोगी.

"तीन महिने झाले, घरात साखर नाही," विमलबाई अभिमानानं म्हणाल्या. "भात बंद, चहा बंद. पँट पाहा कशी ढिली झाली त्यायची!"

"जेवले का ते?" रूथनं विचारलं.

"नाही जी. सकायी गोळ्या घेतल्या अन् बसले. म्हणे, पावणे आल्याबिगर कसं जेवाचं?"

देवरावजी आम्हाला पाणी द्यायला उठले आणि त्यांच्या हातातून तांब्या सुटला. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "शाळा सुटली का वं?" विमलबाईंनी दंड धरला, तर त्यांनी बायकोला ढकललंच. "मले हात नको लावू!"

शेजारपाजारचे धावले. कोणी म्हणालं, ऊन लागलं, कांदा फोडा. कोणी वारा घालायला लागलं.

"साखर," रूथ म्हणाली. "पाण्यात घालून. आत्ता."

मी ते मराठीत सांगितलं. विमलबाई जागच्या जागी थिजल्या. "साखर? साखर त्यायच्यासाठी जहर हाये ना!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी सांगा. ही बाई खरं सांगून राह्यली का?"

मला औषधातलं काही कळत नाही. चुकीचं निघालं तर? रूथनं माझं कोपर घट्ट धरलं.

"माझ्या वडिलांना मीच भाजीपाल्यावर आणलं. जेवण बदललं, गोळ्या तेवढ्याच राहिल्या. रक्तातली साखर फार खाली गेली. बागेत पडले ते उठलेच नाहीत. सांग तिला."

चार दिवसांच्या प्रवासात यातलं अक्षरही ती बोलली नव्हती. मी शब्दन् शब्द सांगितला. आणि शेवटी माझा एक जोडला, "द्या."

विमलबाई धावत शेजारच्या घराकडे गेल्या. "शांते, साखर दे वं! लवकर!"

"नाव विचार त्यांना," रूथ म्हणाली. देवरावजींनी पुटपुटत का होईना, सांगितलं. शुद्ध आहे, गिळता येईल, एवढं तिला पुरलं. देवरावजी तोंड फिरवत होते, पेला दातांवर आपटत होता, अर्धं पाणी सदऱ्यावर. "प्या हो, मी सांगून राह्यली, प्या!" विमलबाईंचा आवाज फाटला होता. पेला एकदाचा संपला. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं विमलबाई पदरानं त्यांचा घाम पुसत राहिल्या.

मग देवरावजींनी आजूबाजूला पाहिलं. "एवढे लोकं काहून जमले?"

विमलबाई कपाळावर हात मारून रडायलाच लागल्या.

भाकर खाऊ घालून आम्ही त्यांना ऑटोनं घाटंजीला, त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी. "जेवण बदललं ते उत्तमच. पण मला सांगायला नको?"

"मंग भाजी खावाची का नाही?" विमलबाईंनी दरडावून विचारलं.

"खा ना. गोळ्यांचं मी बघतो. फक्त उपाशी राहू नका."

संध्याकाळी परतून आम्ही दुपारचं राहिलेलंच अन्न जेवलो. रूथ दोन घासांवर थांबली. विमलबाईंनी तिच्या वडिलांचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, सॅम्युएल. विमलबाईंनी ते हळूच म्हणून पाहिलं आणि तिच्या पानात उसळ वाढली. मग मात्र ती जेवली.

नाशिकला येऊन आता महिना झाला. इतरांचे शब्द पोचवणं हे माझं काम. त्या दुपारी मी ठाऊक नसलेल्या गोष्टीची हमी दिली, हे मनातून जात नव्हतं. परवा विमलबाईंचा फोन आला तेव्हा मी ते बोलून टाकलं. म्हटलं, मला खरंच काही माहीत नव्हतं.

"मलेबी नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण ताई, ती बाई रडून राह्यली होती."

मी रूथच्या अगदी शेजारी उभी होते. तिचे शब्द नीट पोचवायच्या नादात तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नव्हतं.