कपाट कोणी केलं

आमसुलं वाळवायचं काचेचं कपाट ह्यांनी केलं. शाळेच्या काढून टाकलेल्या खिडक्यांच्या काचा, आत काळा रंग दिलेला पत्रा आणि वर लहानसा पंखा, तोही उन्हावर चालणारा. मे महिन्यात आभाळ भरून आलं की गावभर अंगणातली आमसुलं उचलायची धावपळ होते. आमची आत वाळत राहतात.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. कळतं सगळं.

यंदा रत्नागिरीहून मोबाइलवरच्या बातम्यांची एक मुलगी आली. कोकणात कोणी नवीन यंत्र केलं, नवीन धंदा काढला, की त्या बातम्यांत येतं. माझं नाव तिने आधी लिहून घेतलं. मग कॅमेरा लावून विचारलं, "काकू, हे कपाट कोणी बनवलं?"

"घरातच केलंय."

"कोणी? नाव सांगा ना."

मला ह्यांचं नाव घेता येईना. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी नाही. ग्रामपंचायतीत काम असलं तरी शेजारच्या वहिनी सोबत येतात आणि त्याच ह्यांचं नाव सांगतात. नेमक्या त्या चहा आणायला गेल्या होत्या.

"तुम्हीच ना?" मुलगी हसून म्हणाली.

मी मान हलवली. कॅमेरा बंद व्हावा, एवढंच मनात होतं.

बातमी आली तशा वहिनी मोबाइल घेऊन धावत आल्या. "गो, शास्त्रज्ञ झालीस की! आता आम्हाला ओळख तरी देशील ना?" ह्यांच्या खाटेजवळ बसून त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. माझं नाव आलं. ह्यांचं शेवटपर्यंत आलं नाही. वहिनींचा आवाज उतरत गेला.

ह्यांनी डावा हात चादरीखाली घेतला. त्याच हाताने ते पाणी मागतात, हो-नाही सांगतात.

"थांब, मी फोन करून सांगते नाव," वहिनी म्हणाल्या.

"लावून द्या. मी सांगते."

मुलीने फोन उचलला. म्हटलं, "बाय, ते कपाट मी नाही केलं. माझ्या नवऱ्याने केलं."

"अय्या! नाव सांगा काकू, लगेच बदलते."

वहिनी पुढे सरकल्या, त्यांना हाताने थांबवलं. मग नाव घेतलं, सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट. आवाज फार लहान आला असावा.

"जरा मोठ्याने, काकू."

परत घेतलं.

फोन ठेवला तेव्हा ह्यांचा हात चादरीबाहेर होता. पाणी हवं का, विचारलं. नको, अशी खूण केली, पण हात तसाच पुढे राहिला. वहिनी बसल्या होत्या, तरी मी तो धरला.