चुकीच्या पेठेच्या पायऱ्यांवर

इथं दुबईत खोलीवर एकट्यानं शेंगा भाजल्या आणि कोल्हापूरचं ते जुनं फुटबॉल स्टेडियम आठवलं. तिथं जाऊन आता कैक वर्षं झाली.

नववीतून शाळा सोडून गडहिंग्लजहून नुकताच आलेलो. शहरात ओळखीचं कुणी नव्हतं, एकटाच मॅचला गेलो. तिथं संघ पेठांचे असतात आणि पायऱ्यांवर प्रत्येक पेठेची जागा ठरलेली असते, हे मला ठाऊक नव्हतं. गोल झाला आणि मी टाळ्या वाजवल्या. भोवती सगळे गप्प. मागून शिवी आली.

शेजारच्या धिप्पाड माणसानं माझ्या खांद्यावर हात टाकला. “पावणं, कुठलं म्हणायचं?”

“गडहिंग्लज,” मी कसंबसं म्हटलं.

“तरीच! गोल आमच्यावर झालाय की. बसा, शेंगा खावा.”

मॅच संपेपर्यंत त्यानं हात काढला नाही. मी पळू नये म्हणून धरलंय, असं तेव्हा वाटलेलं. दुसऱ्या कुणी मला हात लावू नये म्हणून तो हात होता, हे आता कळतं.