मोरी की मुशी

बाळ पाच दिवसांचं झालं तरी मला पुरेसं दूध येईना. ते भुकेने रडून लालबुंद होई, आणि मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आणि आई एका फार गंभीर प्रश्नावर खल करत बसत. दूध उतरायला बाळंतिणीला जो मासा खायला घालतात, त्याचं खरं नाव काय?

मालवणच्या सासूबाई म्हणत, मोरी. रत्नागिरीची माझी आई म्हणे, मुशी. नवऱ्याने मासळी बाजारातून दोघींना फोटो पाठवला. हातभर लांबीचा, पट्ट्यापट्ट्यांचा, समुद्राच्या तळाशी पडून राहणारा बारका शार्क. त्या दिवसांत माझंही तेच चाललं होतं.

"हीच मुशी," आई म्हणाली.

"विहीणबाय, आमच्याकडे हिका मोरी म्हणतत. मुशी येगळी!"

सोसायटी गुजराती आणि कडक शाकाहारी, म्हणून नवऱ्याने मासा व्यायामाच्या बॅगेतून आणला. त्या बॅगेचा तेवढाच काय तो व्यायाम. दोघींनी त्याचे दोन वाटे करून दोन कढयांत दोन कालवणं शिजवली. वास दडपायला इतक्या उदबत्त्या पेटवल्या की समोरच्या बेन दारात आल्या.

"आजे कथा छे?"

"हो, सत्यनारायण!" आईने ठोकून दिलं.

घरात पाच दिवसांचं सोयर, आणि म्हणे सत्यनारायण! बेननी आईकडे नीट पाहिलं, नाकाला पदर लावला आणि निघून गेल्या.

मी तीन दिवस मोरीही खाल्ली आणि मुशीही. दूध वाढलं नाही, बाळाचं वजन मात्र घटलं. डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं. आईने असं तोंड केलं, जणू मी मुद्दामच केलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आई आंघोळीला गेली तेव्हा सासूबाईंनी डबा उघडला. त्यावरचं एक अक्षर न वाचता त्यांनी सराईतपणे बाटली तयार केली. मी बघतच राहिले.

"तुझ्या घोवाच्या वेळाक माका पण दूध इला नाय," त्या हळूच म्हणाल्या. "पंधरा दीस मोरी खाल्लंय. आजवर कोणाक सांगूक नाय."

"मग मला कशाला घातलीत?" माझा आवाज चढला.

बाळाच्या तोंडात बाटली देत त्या म्हणाल्या, "तुका तरी येतला, असा वाटला."